चालकाची नजर : एक सार्वजनिक ठेव

(रस्ता सुरक्षेविषयी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



रस्ता सुरक्षेचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः तीन गोष्टींची चर्चा होते : रस्ता कसा आहे, चालक कसा आहे आणि नियम पाळले जातात की नाही. ही चर्चा आवश्यकच आहे. तथापि, रस्ता आणि चालक यांच्यामध्ये आणखी एक वस्तू असते व तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. चालकाच्या पुढ्यात जो दोन-अडीच हातांचा भाग असतो, ज्यावर वेगदर्शक, दिवे, बटणे, खटके आणि अलीकडे एक मोठा चकाकणारा पडदा बसविलेला असतो, त्या भागाविषयी मी आज बोलणार आहे. वाहनाने चालकाला काय सांगावे, कसे सांगावे आणि चालकाने वाहनाला हुकूम कसा द्यावा, हे सर्व त्या भागाच्या रचनेवर ठरते. उतारूंसाठीही वाहनात अशी काही साधने असतात. त्यांचाही विचार आपणांस करावयाचा आहे.

हा प्रश्न मोटारी बनविणाऱ्या कारखानदारांचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. हा संबंध दुहेरी आहे. गाडीत पडदा कसा हवा हे गाडी घेणारा आपल्या आवडीने ठरवितो. परंतु त्या पडद्यापायी चालकाची नजर रस्त्यावरून हटली, तर त्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच मोजावी लागते. शाळा सुटून घरी निघालेले मूल, सायकलवरून दुधाची किटली नेणारा शेतकरी, रस्त्याच्या कडेने मोळी घेऊन चाललेली बाई, यांपैकी कोणीही ती गाडी पसंत केलेली नसते. दुसरे असे की, शासकीय कार्यालये, जिल्हा परिषदा, नगरपालिका, ग्रामपंचायती आणि शाळा या स्वतः वाहने विकत घेतात किंवा भाड्याने लावतात. रुग्णवाहिका, घंटागाडी, पाण्याचा टँकर, शाळेची बस, अधिकाऱ्यांची जीप ही वाहने आपल्याच निर्णयाने रस्त्यावर येतात. तेव्हा हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा नाही.

एका सेकंदात किती मीटर?

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या अपघातांची कारणे अनेक आहेत आणि त्यांत अतिवेग हे सर्वांत मोठे कारण आहे. परंतु वेग आणि नजर यांचे नाते फार जवळचे आहे. ते साध्या गणिताने समजते व शिक्षकांना वर्गातही शिकविता येण्याजोगे आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ताशी ८० चा वेग असेल तर २२ मीटर आणि ताशी १०० चा असेल तर सुमारे २८ मीटर. आता समजा, ताशी ८० च्या वेगाने जाणाऱ्या चालकाने पंख्याचा वेग कमी करण्यासाठी दोन सेकंद पडद्याकडे पाहिले. तेवढ्यात त्याची गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. कबड्डीची तीन मैदाने लांबीने एकापुढे एक मांडली तरी त्यांची लांबी यापेक्षा कमी भरेल. एवढे अंतर ती गाडी जवळजवळ डोळे मिटून गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन सेकंद ही मर्यादा मी सहज म्हणून घेतलेली नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेने शंभर मोटारींत कॅमेरे व मोजयंत्रे बसवून, लोक नेहमीप्रमाणे गाडी चालवीत असताना त्यांचे दीर्घकाळ निरीक्षण केले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा एक निष्कर्ष असा की, नजर दोन सेकंदांपेक्षा अधिक काळ रस्त्यावरून हटली, तर अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. याच धर्तीवर अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली मोटार कारखानदारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. गाडी चालत असताना करावयाच्या कोणत्याही कामासाठी एका वेळची नजर साधारणतः दोन सेकंदांहून अधिक हटू नये आणि ते संपूर्ण काम होईपर्यंत एकूण बारा सेकंदांहून अधिक हटू नये, असे त्यांत सुचविलेले आहे. ही तत्त्वे ऐच्छिक आहेत. तरीही त्यांमुळे एक गोष्ट घडली. चालकाची नजर हा केवळ उपदेशाचा विषय न राहता मोजमापाचा विषय झाला.

विमानाच्या खटक्यांनी शिकविलेला धडा

अपघात झाला म्हणजे आपण प्रथम माणसाला दोष देतो. 'चालकाचे लक्ष नव्हते' एवढे म्हटले की पंचनामा पुरा होतो. परंतु माणूस वारंवार एकच चूक करीत असेल, तर ती चूक त्याच्या हातात दिलेल्या वस्तूने तर घडविली नाही ना, हे पाहावे लागते. हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या संदर्भात पुढे आला.

अमेरिकेची बी-१७ ही बाँबफेकी विमाने जमिनीवर सुखरूप उतरल्यानंतर वैमानिक पंखांच्या मागील फडके मिटण्याऐवजी चाकेच मिटून घेत आणि विमान पोटावर बसे. वैमानिक अनुभवी असत. ॲल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तेव्हा असे आढळले की, चाकांचा खटका आणि फडक्यांचा खटका अगदी सारखे दिसणारे व शेजारी शेजारी बसविलेले होते. त्यांनी सुचविलेला उपाय अत्यंत साधा होता. चाकांच्या खटक्यास छोटे रबरी चाक लावावे आणि फडक्यांच्या खटक्यास पाचरीसारखा आकार द्यावा, म्हणजे हाताला न पाहताच फरक कळेल. पुढे १९४७ साली फिट्स आणि जोन्स या संशोधकांनी वैमानिकांकडून झालेल्या ४६० चुकांची छाननी केली. वैमानिकाचा दोष म्हणून नोंदलेल्या या चुकांपैकी पुष्कळशा चुकांचे मूळ साधनांच्या मांडणीत असल्याचे त्यांत दिसून आले.

आधुनिक मोटारीतही हाच धडा पुन्हा शिकावा लागला आहे. काही मोटारींत गिअरचा दांडा असा केलेला होता की, तो पुढे वा मागे ढकलला तरी हात सोडताच मध्यावर परत येई. गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे दांड्याच्या जागेवरून हाताला कळत नसे. गाडी 'पार्क' मध्ये आहे असे समजून चालक खाली उतरत आणि गाडी घरंगळत जाई. अशा रचनेमुळे २०१६ साली जीप आणि त्याच कंपनीच्या अन्य मोटारी मिळून सुमारे ११ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. दांडा, बटण किंवा खटका हाताला स्वतःची ओळख देणारा आणि स्वतःची अवस्था सांगणारा असावा, हा या दोन्ही उदाहरणांतून निघणारा नियम होय.

बटणाकडून पडद्याकडे

मोटारीत स्पर्शाने चालणारा पडदा काल-परवा आला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात १९८६ साली अमेरिकेत ब्युइक कंपनीच्या रिव्हिएरा या गाडीत असा पडदा बसविण्यात आला होता. रेडिओ व वातानुकूलन त्यावरून चालविता येत असे. डोळे रस्त्यावरून हटतात, अशी टीका त्या वेळीही झाली आणि काही वर्षांतच तो पडदा काढून टाकण्यात आला. २००१ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपल्या मोठ्या मोटारीत अनेक बटणांऐवजी एकच फिरती कळ आणि तिच्याशी जोडलेला पडदा दिला. २०१२ साली टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस या मोटारीत १७ इंचांचा पडदा आला आणि जवळजवळ सर्व कामे त्याच्याकडे गेली. त्यानंतर जगभर पडद्यांची लाटच आली.

पडदा का आला, हेही समजून घेतले पाहिजे. प्रत्येक बटणासाठी वेगळा साचा, वेगळी तार आणि वेगळी जोडणी लागते. पडदा मात्र एकच बसविला की त्यावर हवी तेवढी चित्रे काढता येतात आणि नंतर बदलताही येतात. कारखान्याच्या दृष्टीने हे सोयीचे आहे व ग्राहकालाही ते नव्या जमान्याचे वाटते. शिवाय काही कामांत पडद्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. गाडी मागे घेताना पाठीमागे मूल उभे आहे की नाही, हे कॅमेरा आणि पडदा यांमुळे दिसते. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा करण्यात आला, तो याच कारणाने. अनोळखी शहरात नकाशा पाहण्यासाठीही पडद्याचे साहाय्य होते. म्हणून माझा आक्षेप पडद्यावर नाही. जे काम हाताने न पाहता होत होते, ते पडद्यावर नेऊन डोळ्यांवर लादणे, यावर माझा आक्षेप आहे.

बटणाला उंचवटा असतो, कडा असते, दाबल्याचा ठोका असतो. बोट चाचपडत गेले तरी ते सापडते. पडद्याची काच सर्वत्र सारखीच गुळगुळीत असते. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोट योग्य जागी पडत नाही आणि पडले की नाही हे पुन्हा डोळ्यांनीच पाहावे लागते. गाडी खड्ड्यातून जात असेल तर बोट भलतीकडेच पडते.

स्वीडनमधील 'वी बिलॅगेरे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली याची चाचणी घेतली. वापरात नसलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवीत असताना चालकांनी चार नेहमीची कामे करावयाची होती. हवेचे तापमान वाढविणे, रेडिओचे ठरावीक केंद्र लावणे यांसारखी ही कामे होती. चालकांना त्या त्या गाडीची माहिती करून घेण्यास आधी अवधीही देण्यात आला होता. २००५ सालच्या, बटणांच्या जुन्या व्होल्व्हो गाडीत चारही कामे १० सेकंदांत उरकली आणि तेवढ्यात गाडीने ३०६ मीटर अंतर कापले. पडद्यावर चालणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सर्वांत मागे पडलेल्या गाडीत त्याच कामांना सुमारे ४५ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. एखाद्या गावाच्या वेशीपासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याएवढे हे अंतर आहे.

समुद्रावरही हा अनुभव आलेला आहे. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाच्या 'जॉन एस. मॅकेन' या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन १० नौसैनिक प्राणास मुकले. जहाजाचे नियंत्रण एका आसनावरून दुसऱ्या आसनाकडे देताना स्पर्शपडद्यावर झालेला गोंधळ हे या अपघातामागील एक कारण असल्याचे चौकशीत पुढे आले. त्यानंतर २०१९ साली नौदलाने वेगनियंत्रणासाठी पडद्यांऐवजी पुन्हा हाताने धरावयाचे दांडे बसविण्याचे ठरविले.

युरोपात नव्या मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने २०२६ पासून आपल्या कसोट्या बदलल्या आहेत. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन हाक यांसाठी प्रत्यक्ष हाताला लागणारी साधने असल्यासच आता त्या बाबतीत पूर्ण गुण मिळतात. आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही गुणांकन योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिचा मुख्य भर अपघात झाल्यास गाडीतील माणसे किती सुरक्षित राहतात यावर आहे. गाडी चालविताना चालकाची नजर किती काळ रस्त्यावरून हटते, याचाही विचार पुढे तिच्यात व्हावा, ही अपेक्षा अवाजवी ठरणार नाही.

आपल्याकडे तर या प्रश्नाची निकड अधिक आहे. जुलै महिन्यात आंबोलीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात धुके उतरते, काचेवर आतून वाफ धरते, समोरून ट्रकचे दिवे येतात. अशा वेळी वायपर आणि काचेवरची वाफ घालविणारा झोत ही दोन बटणे हाताला आपोआप सापडली पाहिजेत. ती पडद्यावरील तिसऱ्या पानावर शोधण्याची ती वेळ नव्हे.

दोन ठोके : निघा, एक ठोका : थांबा

चांगली रचना म्हणजे महागडी रचना, असे नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. आपल्या बसगाड्यांत वर्षानुवर्षे एक साधन वापरात राहिले. उतारूंच्या डोक्यावरून गेलेली दोरी आणि तिच्या टोकाला चालकाजवळ वाजणारी घंटी, एवढेच ते साधन. एक ठोका म्हणजे थांबा आणि दोन ठोके म्हणजे निघा. 'डबल बेल' हा शब्द तर आपल्या बोलीतच रुळला आहे.

या साधनाचे गुण पाहण्यासारखे आहेत. चालकाला मागे वळून पाहावे लागत नाही, कारण निरोप कानाने येतो. निरोप दोनच आहेत, त्यामुळे घोटाळा होत नाही. गर्दीत वाहक गाडीच्या कोणत्याही भागात असला तरी त्याचा हात दोरीपर्यंत पोहोचतो. चालकाला उत्तर द्यावे लागत नाही. गाडी थांबणे किंवा निघणे हेच त्याचे उत्तर असते. आणि ही भाषा नव्या चालकाला एका दिवसात येते. वाहनातील कोणत्याही नव्या साधनाची परीक्षा घेताना या घंटीशी त्याची तुलना करावी, असे मी सुचवीन.

आवाज : साहाय्यक आणि अडथळा

कानाने काम भागत असेल तर मग सर्वच गोष्टी बोलून कराव्यात, असा विचार कोणी मांडील. त्यालाही मर्यादा आहेत. टोरांटो येथील चालकांविषयी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होत असल्याचे आढळले. फोन हातात न धरता बोलल्याने धोका कमी होतो, असे त्यांत दिसले नाही. कारण हात मोकळे असले तरी मन गुंतलेले असते. शेजारी बसलेला उतारू रस्ता पाहत असतो. अवघड वळण आले की तो आपण होऊन गप्प बसतो किंवा 'समोर बघा' असे म्हणतो. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या २००८ सालच्या प्रयोगात हा फरक स्पष्ट दिसला. फोनवरच्या माणसाला मात्र वळण दिसत नाही.

आपला कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार गाडी चालविताना हातातील फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. २०२० सालच्या नियमानुसार असे साधन फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. परंतु फोन हातात असला तर गुन्हा आणि तोच फोन गाडीच्या पडद्यावर उमटला तर सोय, असे आपण समजू लागलो आहोत. डोळ्यांच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नाही. ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी व रिक्षांच्या चालकांपुढे तर चालत्या गाडीतच नवे भाडे येऊन उभे राहते आणि काही सेकंदांत 'होय' किंवा 'नाही' ठरवावे लागते. पोटाचा प्रश्न असल्यामुळे तो बिचारा पडद्याकडे पाहणारच. येथे दोष चालकाला देण्यापूर्वी ती रचना करणाऱ्यास प्रश्न विचारला पाहिजे.

इशाऱ्याच्या आवाजांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पट्टा न लावल्यास आणि वेग वाढल्यास आवाज करणारी यंत्रणा सक्तीची आहे. ताशी ८० च्या पुढे अधूनमधून आणि ताशी १२० च्या पुढे सतत आवाज होतो. हा उपाय योग्यच आहे. परंतु आवाज बंद करण्यासाठी पट्ट्याच्या खाचेत घालावयाच्या खोट्या चकत्या बाजारात आल्या. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास अशी विक्री थांबविण्याचा आदेश काढावा लागला आणि ऑनलाइन दुकानांतून अशा १३ हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकण्यात आल्या. इशारा टाळण्यासाठी माणूस पैसे खर्च करतो, यावरून आपण दोन धडे घ्यावेत. एक म्हणजे इशाऱ्याचे कारण लोकांना पटविले पाहिजे. दुसरे म्हणजे इशारे मोजके असावेत. जी गाडी प्रत्येक गोष्टीसाठी ओरडते, तिचे खरे ओरडणेही ऐकू येईनासे होते.

ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली आपण ऐकतो. चालकाला झोप येऊ नये हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्याच्या कानी पडत नाही आणि मागचा चालक तर तो ऐकतो आहे असे समजून पुढे निघतो. कान हेही रस्त्यावर ठेवावयाचे इंद्रिय आहे, एवढे जरी हंगामापूर्वीच्या बैठकीत सांगितले गेले तरी पुष्कळ काम होईल.

उतारूंच्या हाती काय?

आता उतारूंचा विचार करू. १ जुलै २०२३ रोजी पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ उतारूंचा मृत्यू झाला. बस आडवी झाली, अंधार आहे, धूर भरला आहे, अशा क्षणी उतारूला बाहेर पडण्याचा मार्ग सापडला पाहिजे. संकटकाळी बाहेर पडण्याचे दार, त्याची मूठ, काच फोडण्याची हातोडी आणि त्यावरील सूचना यांची खरी परीक्षा तेव्हाच होते. मूठ एकाच दिशेने, एकाच हालचालीने उघडणारी असावी. सूचना मराठीत, ठळक अक्षरांत आणि अंधारातही दिसेल अशी असावी. त्या दारापुढे आसन किंवा सामान ठेवलेले नसावे. हातोडी चोरीस जाते म्हणून ती कुलपात ठेवणे म्हणजे ती नसल्यासारखेच आहे.

सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठिकाण कळविणारे यंत्र आणि मदत मागण्याचे बटण बसविण्याचा नियम २०१६ साली जाहीर झाला व १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांना तो लागू झाला. रिक्षांसारखी तीनचाकी वाहने त्यातून वगळलेली आहेत. विशेषतः स्त्रिया व मुले यांच्या दृष्टीने हे बटण महत्त्वाचे आहे. परंतु बटण बसविले म्हणजे काम झाले, असे होत नाही. ते बसलेल्या उतारूच्या हाताला पोहोचते काय? चुकून धक्का लागून दाबले जाऊ नये यासाठी त्याला कडा आहे काय? दाबल्यानंतर हाक पोहोचली हे दाखविणारा दिवा लागतो काय? आणि त्या हाकेला पलीकडे कोणी उत्तर देतो काय? या चार प्रश्नांची उत्तरे तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष बटण दाबूनच मिळतील, कागदावरील खुणेवरून मिळणार नाहीत.

चित्र, रंग आणि भाषा

डॅशबोर्डवरील चिन्हे जगभर सारखी असावीत यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्यांचे मानक ठरविलेले आहे. लाल दिवा म्हणजे धोका, पिवळसर म्हणजे सावधगिरी, निळा म्हणजे लांब पल्ल्याचा झोत चालू आहे. तेलाच्या झारीचे चिन्ह लाल झाले की इंजिन बंद करावयाचे, हे ज्याला ठाऊक नाही तो इंजिन जळेपर्यंत गाडी हाकतो. चिन्हे दिसतात म्हणजे ती समजतात, असे मानता येत नाही. वाहन चालविण्याच्या शाळांत आणि शासकीय चालकांच्या प्रशिक्षणात यासाठी एक तास ठेवला तरी पुरे.

२०२० पासून सौम्य ते मध्यम रंगांधळेपण असलेल्या व्यक्तींनाही वाहन चालविण्याचा परवाना मिळू शकतो. तेव्हा केवळ लाल-हिरव्या रंगावर कोणताही इशारा अवलंबून ठेवणे योग्य नव्हे. आकार आणि जागा यांवरूनही तो ओळखता आला पाहिजे. चाळिशी उलटलेल्या चालकाला दूरचा रस्ता स्वच्छ दिसतो. पण जवळची बारीक अक्षरे वाचण्यास वेळ लागतो. आपले कितीतरी अनुभवी चालक या वयाचे आहेत. पडद्यावरील अक्षरे ठरविणारा अभियंता मात्र पुष्कळदा पंचविशीतला असतो.

भाषेचा मुद्दाही उघड आहे. मराठीतून येणारी सूचना चालकाला एका क्षणात समजते, इंग्रजीतील लांब वाक्य त्याला थांबून वाचावे लागते. चालत्या गाडीत थांबून वाचणे परवडत नाही.

आपण काय करू शकतो?

पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे, पुण्याजवळच १९६७ पासून कार्यरत असलेली केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे आणि मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ साली सुरू झालेले औद्योगिक अभिकल्प केंद्र आहे. म्हणजे या विषयाचे ज्ञान आपल्या राज्यातच उपलब्ध आहे. मोठ्या खरेदीच्या वेळी अशा संस्थांचा सल्ला घेता येईल. परंतु एखादी शाळा किंवा ग्रामपंचायत यांनाही करता येतील अशा काही गोष्टी मी सुचवितो.

१. वाहन पसंत करण्यापूर्वी ते उभे असताना चालकाला आसनावर बसवावे. नजर समोरच्या काचेतून हलवू न देता हॉर्न, इंडिकेटर, वायपर, काचेवरील झोत, मोठे दिवे आणि धोक्याचे दिवे लावण्यास सांगावे. यांपैकी ज्यासाठी खाली पाहावे लागेल, त्याची नोंद करावी.

२. ही परीक्षा जो चालक ते वाहन रोज चालविणार आहे, त्याच्याकडूनच घ्यावी. खरेदी समितीत त्याचे मत लेखी नोंदवावे. गाडी साहेबांच्या नावावर असली तरी हात चालकाचे असतात.

३. शाळेची बस आणि रुग्णवाहिका यांत चालकाला दिसेल अशा जागी चित्रपट दाखविणारा पडदा असू नये. भाड्याच्या वाहनांच्या करारातच तशी अट घालावी.

४. मार्गाचा नकाशा हवा असल्यास तो निघण्यापूर्वी लावावा. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत किंवा इतर तातडीच्या वाहनात पत्ता शोधण्याचे व फोनवर बोलण्याचे काम सोबतच्या माणसाने करावे. कार्यालयातून चालकाला फोन करताना 'गाडी चालवीत आहात काय?' हे प्रथम विचारावे आणि उत्तर 'होय' आले तर फोन ठेवावा. यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

५. एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर चालकाची बदली होते, तेव्हा त्याला नव्या गाडीशी परिचय करून घेण्यास अर्धा दिवस द्यावा. काही गाड्यांत इंडिकेटरचा दांडा उजवीकडे असतो, काहींत डावीकडे. घाईच्या क्षणी हात जुन्याच सवयीने जातो.

६. वर्षातून दोनदा शाळेच्या बसमध्ये मुलांकडून संकटकाळचे दार उघडून घ्यावे. ज्या मुलाने ती मूठ एकदा हाताने फिरविली आहे, त्याला ती अंधारातही सापडेल.

मित्रहो, पुढील काळात वाहने अधिकाधिक स्वयंचलित होत जातील, त्यांतील पडदे वाढतील, गाड्या आपल्याशी बोलतील. या प्रगतीला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु जोवर चाक माणसाच्या हातात आहे, तोवर त्याची नजर ही केवळ त्याची खासगी मालमत्ता नाही. रस्त्याने चालणाऱ्या प्रत्येकाने विश्वासाने त्याच्याकडे सोपविलेली ती ठेव आहे. ती ठेव सांभाळणे चालकाला सोपे जाईल अशी वाहने मागणे, घेणे आणि वापरणे हे आपले काम आहे. येत्या आर्थिक वर्षात आपल्यापैकी ज्या कोणाच्या टेबलावर वाहन खरेदीची फाइल येईल, त्यांनी किंमत, इंधन आणि रंग यांबरोबर आणखी एक रकाना आखावा : 'चालकाला खाली न पाहता हे वाहन चालविता येते काय?' एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.